कॅप्टनच्या नावातला जी

सबनीस कधी घाईत दिसले नाहीत आणि कधी ताजेतवानेही दिसले नाहीत. सकाळी नऊला सिंगापुरातल्या बुओना व्हिस्टाच्या ऑफिसात येऊन ते खुर्चीत बसत, तेव्हाच संध्याकाळचे सहा वाजून गेल्यासारखे दिसत. "काय सबनीस, कसं काय?" असं विचारलं की "खेळपट्टी संथ आहे" एवढंच उत्तर मिळे. मी आठ वर्षं त्यांच्या शेजारच्या टेबलाशी बसले. आठ वर्षांत खेळपट्टी एकदाही सुधारली नाही.

दिलीप माधव सबनीस. पुण्याचे, "त्यातून खडकीचे", आणि हे 'त्यातून' ते स्वतःच जोडत. एकोणीस वर्षं सिंगापुरात राहिले ती सगळी एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे दर दोन-तीन वर्षांनी 'अजून राहू का?' असं विचारत. दोन वर्षांपूर्वी ते खडकीच्या घरी झोपेतच वारले. त्यांच्या बायकोचा, शुभावहिनींचा, मेसेज आला तेव्हा मी क्लेमेंटीला बसमधून उतरत होते. मला रडू आलं नाही. एकदम फार दमल्यासारखं वाटलं आणि स्टॉपवरच्या बाकावर मी बसून राहिले. माणूस गेल्यावर त्याचा स्वभाव आपल्याला चिकटतो की काय, कोण जाणे.

आमची कंपनी बँकांसाठी सॉफ्टवेअर करते. त्या सॉफ्टवेअरनं काय काय करायला हवं ते सबनीस लिहून काढत, आणि ते तसं करतंय का हे मी तपासत असे. थोडक्यात, ते लिहीत आणि मी चुका काढी. हा संबंध पुढे आम्हा दोघांनाही महागात पडला, पण तो भाग नंतर येईल.

उभ्या आयुष्यात ते क्रिकेट खेळले नव्हते. खडकीला आधी शाळेच्या आणि मग एका क्लबाच्या संघाचे ते स्कोअरर होते. "खेळणारे अकरा, बघणारे शंभर, लिहिणारा एकच," ते म्हणत, "आणि जेवायला त्यालाच शेवटी बोलावतात." लिहिण्याची ती खोड त्यांनी ऑफिसात आणली. मीटिंगमध्ये बाकीचे लॅपटॉपात डोकं खुपसून बसलेले असत आणि सबनीस एका लांबट वहीत पेन्सिलीनं टिंबं देत असत. ज्या मिनिटात काम पुढे सरकलं नाही, त्याचं एक टिंब. आमचे मॅनेजर मुंबईचे, उत्साही गृहस्थ. एकदा खूष होऊन म्हणाले, "बघा, निदान सबनीस तरी नोट्स घेतायत. वाचून दाखवा हो, काय काय ठरलं."

सबनीसांनी वही डोळ्यांपासून लांब धरली. "पंचेचाळीस मिनिटं, एकोणचाळीस निर्धाव. दोन वाइड, दोन्ही तुमच्या."

मॅनेजर हसले, कारण न हसणं वाईट दिसलं असतं. त्या मीटिंगचं बोलावणं सबनीसांना पुढे आलं नाही. याचं त्यांना दुःख झालं असं मला तरी दिसलं नाही. त्या वेळात ते खाली जाऊन बिनसाखरेची काळी कॉफी पीत बसत.

जत्रेला हौशे, नवशे आणि गवशे अशी तीन तऱ्हेची माणसं जमतात असं आपल्याकडे म्हणतात. सबनीसांच्या मते सिंगापूर ही मोठी जत्रा होती. फिरायला, मिरवायला आलेले ते हौशे. पीआर, म्हणजे इथे कायम राहायची परवानगी, मिळावी म्हणून देव पाण्यात घालून बसलेले ते नवशे. आणि काही ना काही गवसेलच म्हणून डोळे जमिनीला लावून हिंडणारे ते गवशे. "तुम्ही कुठले?" मी विचारलं होतं. "सात वर्षं नवसात गेली," ते म्हणाले. "तीनदा अर्ज केला, तीनदा नाही म्हणाले. आता हौस करतो." ही हौस म्हणजे कॅप्टन क्रॉमली.

कॅप्टन एच. जी. क्रॉमली हा व्हिक्टोरिया राणीच्या काळातला इंग्रज फौजेतला अधिकारी. जगात त्याचं नाव कुणाला माहीत असायचं कारण नाही. इथल्या लायब्ररीत जुनी वर्तमानपत्रं कॉम्प्युटरवर वाचायला मिळतात. सबनीस रविवारी तिथे एसीचा वारा खायला बसत आणि सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीचे धावफलक वाचत. एका धावफलकात कॅप्टन क्रॉमली शून्यावर बाद होता आणि खाली बातमीदारानं लिहिलं होतं की हे गृहस्थ आज सकाळीच आगबोटीतून उतरले. सबनीसांना हे फार लागलं. ते स्वतः पहिल्यांदा चांगी विमानतळावर उतरले, त्या दिवशी दुपारी दोन वाजता त्यांना क्लायंटसमोर बसवलं होतं. "सकाळी उतरला, दुपारी पॅड बांधून पाठवला," ते म्हणाले, "शून्य नाही तर काय शतक काढणार?" पुढे शोधता शोधता कळलं की सिंगापूरला येण्याआधी कॅप्टन चार वर्षं खडकीच्या छावणीत होता. मग काय. गाववालाच निघाला.

बारा वर्षं हे चाललं होतं. तोआ पायोहला एका फ्लॅटमधली एक खोली त्यांनी भाड्यानं घेतली होती. एक पलंग, एक टेबल, आणि टेबलाखाली कॅप्टन. कागदांचे गठ्ठे वाढता वाढता पलंगाखाली गेले. मराठीत, हातानं, फुलस्केपवर ते त्याचं चरित्र लिहीत होते. कॅप्टन मोठा माणूस नव्हता. तेवीस वर्षांच्या नोकरीत त्याच्या वाट्याला एक लढाई आली नाही. ताप दोनदा आला, बढती एकदा. क्रिकेटही बेताचंच. सदतीस ही त्याची इथली सगळ्यात मोठी खेळी. "मग याच्यावर पुस्तक कशाला?" मी एकदा बेधडक विचारलं.

"बदलीचा माणूस आहे गं," ते म्हणाले. "जिथे गेला तिथे दोन-चार वर्षं राहिला. कुणीच त्याला आपला म्हटलं नाही. एकाची तरी पहिल्यापासून शेवटपर्यंत नीट नोंद व्हावी, एवढंच."

एका शनिवारी ते मला आणि माझ्या मुलीला, सईला, पाडांगवर, म्हणजे इथल्या जुन्या क्रिकेटच्या मैदानावर, घेऊन गेले. सई तेव्हा तेरा वर्षांची होती आणि आईबरोबर कुठेही जाणं तिला शिक्षेसारखं वाटे. मैदानात कुठलातरी सामना चालू होता. मागे उंच बिल्डिंगा, डोक्यावर रणरणतं ऊन. सबनीस छत्री उघडून कडेकडेनं चालत होते. "इथे तंबू. इथे बँड. आणि इथून कॅप्टन चालत आत गेला." सईनं फोनमधून डोकं वर काढलं. सबनीसांनी तिला सांगितलं की त्या काळी पैसे घेऊन खेळणाऱ्याचं फलकावर नुसतं आडनाव येई. जो हौशी, त्याच्या आडनावाआधी आद्याक्षरं लावत. कॅप्टन हौशी होता, म्हणून एच. जी. क्रॉमली.

"हौशी मीन्स ॲमॅचर?" सईनं विचारलं. "सो ही वॉज नॉट गुड, लाह."

"नॉट व्हेरी," सबनीसांनी कबूल केलं. मग त्यांनी तिला एका सामन्याची गोष्ट सांगितली. यष्टिरक्षकानं झेलाचं अपील केलं, पंचांनी नाबाद दिलं, आणि तरी कॅप्टन बॅट बगलेत मारून तंबूकडे निघाला. वर्तमानपत्रात त्यावर दीड ओळ होती. ती दीड ओळ सबनीसांना तोंडपाठ होती. सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी ऑफिसात कधीच पाहिलं नव्हतं. सईनं घरी येताना एमआरटीच्या गाडीत मला विचारलं, "व्हाय इज अंकल सो सॅड अँड सो हॅपी?"

त्यांच्या नावाचीही एक गंमत होती. इथल्या कागदोपत्री आपल्या नावांचा खिमा होतो. कुणी शेवटचा शब्द आडनाव समजतं, कुणी पहिला. सबनीसांच्या पासवर नाव होतं 'सबनीस दिलीप माधव', त्यामुळे निम्मं सिंगापूर त्यांना मिस्टर माधव म्हणे. एकदा ऑफिसात त्यांना घेरी आली म्हणून मी त्यांना दवाखान्यात घेऊन गेले. तासभर बसलो. आतून नर्सनं पुकारलं, "मिस्टर माधव! मिस्टर माधव!" सबनीस हलेनात. मी कोपरानं ढोसलं, तेव्हा गुडघ्यावर हात टेकत उठले. "वडिलांना बोलावतायत," म्हणाले. "जाऊन येतो त्यांच्या वतीनं." वडील खडकीच्या कारखान्यात कारकून होते आणि ते जाऊन तीस वर्षं झाली होती. "इथे आल्यापासून रोज कुणीतरी त्यांचं नाव घेतं," रक्तदाब मोजून बाहेर आल्यावर ते म्हणाले. "पुण्यात कोण घेत होतं?"

मग त्यांचा पास वाढला नाही. कारण कुणी सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. वय सत्तावन्न. आवरायला तीन महिने होते. मी काहीबाही धीराचं बोलायला लागले तर त्यांनी मला थांबवलं. "अगं, जायचं तर होतंच. शुभानं एकोणीस वर्षं एकटीनं घर ओढलं, दोन मुलींची लग्नं एकटीनं ठरवली. मी मांडवात पाहुण्यासारखा उतरलो. आता घरी गेल्यावर ती विचारायची नाही, पण तिच्या बहिणी विचारतील, एवढी वर्षं तिकडे काय केलंत म्हणून. बँकेचं सॉफ्टवेअर दाखवू त्यांना?"

दाखवायला त्यांना पुस्तक हवं होतं. पुण्यातले एक ओळखीचे प्रकाशक छापायला तयार होते. तीन महिन्यांत मजकूर पूर्ण करून द्यायचा, गणपतीनंतर पुस्तक. खडकीला पोचल्यावर घरच्या रगाड्यात आपल्याच्यानं काही व्हायचं नाही हे सबनीसांना पक्कं माहीत होतं. त्यांनी एका टायपिस्टकडून सगळं टाइप करून घेतलं आणि एकशे ऐंशी पानांचा गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवला. "आठ वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढल्यास. आता माझ्या काढ."

मी तो चार संध्याकाळी वाचला. खोटं कशाला सांगू, मला वाटलं होतं त्यापेक्षा ते फार चांगलं होतं. विशेषतः पहिली सहा प्रकरणं, कॅप्टनचं लहानपण. वडील जॉर्ज क्रॉमली एका खेड्यात पाद्री. त्यांची रोजनिशी पुढे कुणीतरी छापली होती आणि ती सबनीसांना मिळाली होती. त्यातून त्यांनी छोटा हेन्री उभा केला होता. आई गेल्यावर तीन दिवस कपाटात बसून राहिलेला. मेलेल्या चिमणीला पुरून तिच्यावर वडिलांसारखी प्रार्थना म्हणणारा. घोड्यांना घाबरणारा. घोड्यांना घाबरणारा हा मुलगा पुढे फौजेत कसा गेला यावर सबनीसांनी एक पान लिहिलं होतं, भीतीवर मात करण्याबद्दल. ते वाचताना माझे डोळे भरून आले. चौदाव्या वर्षी रोजनिशी संपत होती. 'यानंतरच्या चार वर्षांची माहिती मिळत नाही' असं एक वाक्य होतं, आणि सातव्या प्रकरणात अठरा वर्षांचा एच. जी. क्रॉमली फौजेत दाखल होत होता.

मी पेन्सिल घेऊन समासात लिहिलं, 'जी म्हणजे जॉर्ज, हे कुठून?' तपासनिसाची सवय. प्रत्येक गोष्टीला आधार मागायचा. लिहिलं आणि मग पहिल्या पानापासून पुन्हा बघत गेले.

रोजनिशीच्या उताऱ्यांत फक्त 'माझा मुलगा हेन्री' असं होतं. कुठेही हेन्री जॉर्ज नव्हतं. फौजेच्या आणि क्रिकेटच्या कागदांत फक्त एच. जी. होतं, आणि एका पत्राखाली हेन्री. मधला जी जॉर्जचा, हे सबनीसांनी कुठून आणलं होतं ते मला लख्ख कळलं, कारण मीही तिथूनच आणलं असतं. मुलाचं नाव, बापाचं नाव, आडनाव. हेन्री, वडील जॉर्ज, म्हणून हेन्री जॉर्ज क्रॉमली. आपल्याकडे याला शोध म्हणत नाहीत, फॉर्म भरणं म्हणतात.

दोन दिवस मी गप्प बसले. न सांगता चाललं असतं. पण त्यांनी माझ्याकडे तो गठ्ठा कशासाठी दिला होता? तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत हॉकर सेंटरमध्ये त्यांच्या पुढ्यात मी ते पान ठेवलं. त्यांनी समासातला माझा प्रश्न वाचला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि पुन्हा वाचला.

"वडिलांचं नाव," ते सहज म्हणाले.

"सबनीस," मी म्हटलं, "ते लोक मध्ये वडिलांचं नाव नाही लावत."

त्यांचा भात गार झाला. शेजारच्या टेबलावरची मावशी रिकाम्या थाळ्या उचलून गेली. मग ते म्हणाले, "माहीत आहे की मला. कुणीही विचारलं असतं तर मीच सांगितलं असतं. बारा वर्षं माहीत होतं." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "मी स्वतःला विचारलंच नाही."

त्यांनी त्याच दिवशी इंग्लंडमधल्या सरकारी दप्तरखान्याला लिहून कॅप्टनच्या भरतीच्या कागदाची प्रत मागवली. इतकी वर्षं ती मागवली नव्हती, कारण जे सापडलंय ते पुन्हा कोण शोधतं. प्रत यायला पाच आठवडे लागले. त्या पाच आठवड्यांत "खेळपट्टी" हा शब्द त्यांच्या तोंडून निघाला नाही. मीही विचारलं नाही.

प्रत आली. हेन्री गॅस्कॉइन क्रॉमली. गॅस्कॉइन हे आईचं माहेरचं आडनाव. वडील थॉमस, लाकडाचे व्यापारी, भलत्याच परगण्यातले. बस, एवढंच. कॅप्टनच्या बालपणाबद्दल जगात दुसरा कागद नव्हता. तीन दिवस कपाटात बसलेला, चिमणी पुरणारा, घोड्यांना घाबरणारा तो हेन्री कुणी दुसराच होता. हिंदुस्थान त्यानं नकाशात तरी पाहिला की नाही, देव जाणे.

प्रकाशकांचा फोन आला तेव्हा मी शेजारीच होते. सबनीसांनी त्यांना सगळं सांगितलं. पलीकडचा आवाज मोठा होता, मला स्वच्छ ऐकू येत होता. "अहो सबनीस, कशाला डोक्याला ताप करून घेताय? सुरुवातीची प्रकरणंच तर पुस्तकाचा जीव आहेत. कोण तपासणारे? क्रॉमलीचे भाऊबंद येणारेत का अप्पा बळवंत चौकात पुस्तक घ्यायला?"

"नाही येणार," सबनीस म्हणाले. "तोच तर प्रश्न आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे त्याच्या बाजूनं बोलणारं कुणी नाही. काढतो मी ती सहा प्रकरणं."

ती काढल्यावर भीतीवर मात केल्याचं पानही काढावं लागलं, आणि त्यावर उभं असलेलं पुढचं बरंच काही. कॅप्टन शिस्तीचा का होता, तर पाद्र्याचा मुलगा. लग्न का केलं नाही, तर आई लहानपणी गेली. सगळं भुईसपाट. एकशे ऐंशी पानांतली एक्केचाळीस उरली. खडकीची थोडी, सिंगापूरची जास्त. प्रकाशक म्हणाले, एवढ्याचं पुस्तक होत नाही, एखाद्या दिवाळी अंकाला देऊन टाका. शेवटी ते इथल्या एका मराठी मंडळाच्या स्मरणिकेत आलं, तेही कापून नऊ पानांत, एका कॉन्डोच्या आणि एका दंतवैद्याच्या जाहिरातीच्या मध्ये. एकोणीस वर्षांचं काय ते एवढंच. मला स्वतःचा इतका राग आला होता की मी त्यांना म्हटलं, "मी तोंड बंद ठेवायला हवं होतं."

"छे," ते म्हणाले. "तू नसतं काढलंस तर मी त्याला शेवटपर्यंत भलत्याच बापाचं नाव लावून ठेवलं असतं." हे ते समजूत घालायला बोलले असतील. पण त्यांच्या आवाजात राग नव्हता. नुसता थकवा होता, आणि तो तर नेहमीचाच.

ते खडकीला निघाले त्या दिवशी मी आणि सई त्यांना पोचवायला चांगीला गेलो. एक मोठी बॅग, एक छोटी बॅग. काउंटरवरच्या मुलीनं मोठी बॅग वजनाला लावली आणि चार किलो जास्त भरतायत असं सांगितलं. सबनीस बॅग घेऊन बाजूला आले आणि फरशीवर मांडी घालून बसले. लोक त्यांना वळसा घालून जात होते. त्यांनी बॅग उघडली. कपडे असे फारसे नव्हतेच. दोन जाड फाइली होत्या, एक हिरवी आणि एक तपकिरी. हिरवीत कॅप्टन होता. धावफलकांच्या प्रती, छावणीच्या याद्या, आगबोटीचे कागद, आणि तो भरतीचा कागद. तपकिरीत पाद्र्याची रोजनिशी आणि तिच्यावरून लिहिलेली ती सहा प्रकरणं, हातानं लिहिलेली, मूळची.

त्यांनी दोन्ही बाहेर काढून मांडीवर घेतल्या.

"अंकल, जस्ट स्कॅन, लाह," सई म्हणाली. तिच्या आवाजात थट्टा नव्हती. "देन यू कॅन थ्रो."

मी हात पुढे केला, तपकिरी फाइल घ्यायला. त्यांनी माझ्या हातात हिरवी दिली.

मला वाटलं चुकले. "सबनीस, हा तुमचा कॅप्टन आहे."

"हो. त्याचं झालं. जेवढं होतं तेवढं नीट लिहिलं गेलं, छापूनही आलं. आता तू ठेव त्याला, तो इथलाच आहे."

"आणि हे घेऊन जाताय? अहो, हा आपला नाही. हा चुकून आलेला."

"ते त्याला कुठे माहीत आहे?" सबनीस म्हणाले. ते उठायचा प्रयत्न करत होते, मी हात दिला. उभे राहून त्यांनी श्वास घेतला. "चौदा वर्षांचा आहे गं तो. आई नाही. एवढा होईपर्यंत मीच वाढवलाय त्याला, दुसऱ्या कुणाच्या नावावर का होईना. चूक माझी, आणि कपाटात परत तो बसणार? पुढे काय झालं त्याचं ते बघायला नको?"

सईनं वाकून त्यांच्या मोठ्या बॅगेची चेन लावली. बॅग पुन्हा वजनाला लागली, पट्ट्यावरून आत गेली. तपकिरी फाइल छोट्या बॅगेत मावेना. तिची नाडी केव्हाच तुटली होती आणि कागद बाहेर येत होते, म्हणून त्यांनी ती छातीशी धरली, लहान मूल कडेवर घेतात तशी. दुसऱ्या हातानं छोटी बॅग ओढत ते दाराकडे गेले. तिथल्या माणसानं पासपोर्ट मागितला. त्यांनी बॅग सोडली, खिसे चाचपले, पासपोर्ट दाखवला, परत घेतला. एवढ्यात फाइल त्यांनी एकदाही खाली ठेवली नाही.

आत गेल्यावर ते वळले. आम्ही दोघींनी हात केला. त्यांनी केला नाही. त्यांचा एकही हात मोकळा नव्हता.